एका डिस्कवर दोन चुली



लॅपटॉपच्या एकाच हार्ड डिस्कवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली ठेवता येतात. पण कवीला ही उठाठेव कशाला, असं तुम्ही विचाराल. माझ्या २००१ पासूनच्या कविता एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या काळचे बरेच फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवत. फॉन्ट नसेल, तर कवितेऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. माझं ते सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. आणि विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. माझा लॅपटॉप २०१६ चा. विंडोज ११ ला एवढा जुना प्रोसेसर चालत नाही. तेव्हा रोजच्या कामाला लिनक्स हवं, आणि जुन्या कवितांसाठी विंडोजही हवं.

डिस्कच्या या पार्टिशनला कुणी फाळणी म्हटलं, की मला बरं वाटत नाही. फाळणीत माणसं उठून जातात. ही वाटणी आहे. वाडा एक, चुली दोन.

वाटणीआधी कागदपत्रं सांभाळावीत, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. 'मामू, आधी कविता बाहेर काढा,' भाची म्हणाली. पंचवटीत राहणाऱ्याला हे लगेच पटतं. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, यावरून इथे पुराचा अंदाज घेतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर ज्यांनी पाहिले, ते माल आधी वर चढवतात, मग चर्चा करतात. मी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर आणि बाहेरच्या डिस्कवर, अशा दोन ठिकाणी उतरवल्या. ज्यांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते, त्यांनी त्याची लांबलचक रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

डिस्कवर कुठला तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याची एक नोंद असते. तिला डिस्कचा सातबारा म्हणा. जुन्या एमबीआर पद्धतीत चारच मुख्य खातेदार मावत. नव्या जीपीटी पद्धतीत त्या नोंदीची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी शेवटी असते. तलाठ्याच्या दप्तरापेक्षा ही सोय बरी.

विंडोजची जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटकडून आखडून घ्यावी. काही फाइली जागच्या हलत नाहीत, म्हणून हवी तेवढी जागा एका दमात मिळेलच असं नाही. पाचशे जीबीची डिस्क विंडोजला ४६५ च दिसते. त्यातले शंभर मी सोडवून घेतले आणि तिथे उबुंटू बसवलं. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' त्याआधी बंद केलं. ते चालू असलं, तर विंडोज पुरतं झोपत नाही, आणि अर्धवट झोपलेल्याच्या खोलीत लिनक्सने काही हलवणं धोक्याचं. आता यंत्र सुरू केलं, की ग्रब नावाचा दारवान विचारतो, कोणाकडे जायचं? एका वेळी एकाकडेच जाता येतं. लिनक्सला विंडोजच्या खोलीतलं वाचता येतं. विंडोजला मात्र लिनक्सची खोली आपणहून वाचता येत नाही.

एक गंमत सांगतो. लिनक्सवरून विंडोजवर गेलो, तर घड्याळ साडेपाच तास मागे! काळाराम मंदिराच्या रस्त्यावर सकाळचे अकरा वाजलेले, आणि लॅपटॉप पहाटेच्या साडेपाचात. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं, तंटा मिटला.

विंडोजच्या बाजूला इंटरनेट बंद आहे. तिथे जुनी कविता उघडतो, छापतो. मग लिनक्समध्ये येऊन युनिकोडात बदललेली कविता त्या कागदाशी ताडून पाहतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडात ती अक्षरानंतर साठवली जाते. रूपांतरात कधी ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. तशी वेलांटी डोळ्यांना खटकते तरी. पण 'ऱ्य' चा 'र्य' झाला तर शब्द शुद्धच दिसतो. परवा एका कवितेत सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला होता. छापलेला कागद शेजारी होता म्हणून कळलं. २००४ पर्यंतच्या कविता तपासून झाल्या आहेत.