फौजेंत गेलेल्यांची वही
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त झालेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं देऊळ बांधणाऱ्यांचीं, शाळा काढणाऱ्यांचीं व ओढेनाले तुडवीत गांवोगांव शिकवण देणाऱ्या मास्तरांचीं नांवें घ्यावयाचीं असा प्रघात आहे. तीं काल यथास्थित घेतलीं गेलीं. आज ज्यांच्याविषयीं बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे, त्यांचीं नांवें आपल्या देवळाच्या भिंतीवर कोठेंही कोरलेलीं नाहींत. या धर्मग्रामांतून फौजेंत गेलेले ते लोक होत.

जिल्ह्यांतील एका प्रख्यात शिपायापासून आरंभ करूं. संगमनेर तालुक्यांतील निमज गांवचे नामदेव जाधव हे पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणींत साधे शिपाई होते; कंपनीचे निरोप पोंचविणें हें त्यांचें काम. ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनियो नदी ओलांडतांना त्यांच्या कंपनीच्या पुढच्या तुकड्या गारद झाल्या. तेव्हां दोघां जखमी सोबत्यांस त्यांनीं एकामागून एक खोल पाण्यांतून, उभ्या चढणीवरून व सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून सुरक्षित जागीं नेलें, आणि परत फिरून शत्रूचे मशीनगनचे मोर्चे एकट्यानें बंद पाडले. हाताला जखम होऊन बंदूक चालेना, तेव्हां हातबाँब फेंकले. शेवटीं बांधावर उभे राहून, मराठ्यांची आरोळी ठोकून, मागच्या कंपन्यांस त्यांनीं पलीकडे बोलाविलें. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते १९८४ सालीं वारले. परंतु गॅझेटांत छापलेलें त्यांचें प्रशस्तिपत्र आजही कोणासही वाचावयास मिळतें.

तें वाचतांना आम्ही एका जागीं अडखळलों. ज्या दोघां जखमींस त्यांनीं वाहून नेलें, त्यांचीं नांवें त्यांत नाहींत. ते कोणत्या गांवचे, पुढें वांचले कीं नाहीं, घरीं परतले असतील तर नातवंडांस काय सांगत बसले, याचें एकही अक्षर त्या कागदावर नाहीं. शूराचें नांव राहिलें हें योग्यच झालें. पण फौज बहुतांशीं त्या दोघांसारख्यांचीच असते, आणि आपले लोकही त्याच रांगेंतले.

नांव गळतें तें नेहमींच विसरभोळेपणानें गळतें असेंही नाहीं. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत मेलेल्या व थडगें न लाभलेल्या लोकांसाठीं १९२९ सालीं बसरा येथें मोठें स्मारक उभारलें गेलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं, हिंदी अधिकाऱ्यांचींही कोरलीं. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या दिली. या भेदभावाबद्दल युद्धसमाधी कमिशननें २०२१ सालीं माफी मागितली. आपल्यापैकीं पुष्कळ घराण्यांचे पूर्वज ज्या समाजांतून आले, त्यास तर १८९२ नंतर फौजेचें दारच बंद झालें होतें. १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारली, १९२१ सालीं ती मोडली, आणि १९४१ सालीं बेळगांवास महार रेजिमेंट उभी राहिली. मोडलेल्या पलटणीची आठवण ठेवणार कोण? ती घरींच ठेवावी लागते.

नगर शहरांत (आतां अहिल्यानगर म्हणावयाचें, जिभेला अद्याप सवय होत आहे) १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. आपलीं मुलें तेथें सहलीस जातात व तोफेवर हात ठेवून पाहतात. यंत्रें जपलीं हें फार चांगलें केलें. परंतु तसलें यंत्र ज्यानें हांकलें, तो म्हातारा शेजारच्या वाडींत बाजेवर बसलेला असतो, आणि त्याच्याजवळ कोणी थांबत नाहीं.

दुसऱ्यांस हें म्हणण्याचा आम्हांस फारसा अधिकार नाहीं. १९७१ च्या लढाईंत लढलेले एक वृद्ध गृहस्थ दर रविवारीं मागच्या बाकावर बसत. मिस्सेनंतर हात धरून म्हणत, "फादर, एकदां निवांत बसूं. सांगायचंय कांहीं." आम्ही म्हणत होतों, उपवासकाळ संपूं द्या, मग म्हणालों, हरेगांवची मतमाउलीची यात्रा होऊं द्या. यात्रेपूर्वींच, भर पावसांत, आम्हीं त्यांस मूठमाती दिली. प्रवचनांत कोठें लढले म्हणून सांगावें, तर आम्हांस ठाऊक नाहीं. मुलगा म्हणाला, "पूर्वेकडे असावेत." सून हळूच म्हणाली, "नाहीं हो, बाबा तर सारखे वाळूचं बोलायचे." पूर्वेकडे नद्या आणि चिखल, वाळू राजस्थानची. त्या दिवशीं आम्हीं लढाईचें नांवच घेतलें नाहीं.

कागदाची गोष्ट निराळी; तो हरवला तर पोटालाही चिमटा बसतो. एक विधवा बाई पेटी घेऊन आमच्याकडे आल्या. पेटींतला अर्धा ऐवज वाळवीनें खाल्लेला. धनी फौजेंत भरती झाले तें घरच्या नांवानें, आपल्या वहींत बाप्तिस्म्याचें नांव. कुटुंबपेन्शनासाठीं दोन्ही माणसें एकच हें सिद्ध करावयाचें. सुदैवानें विवाहाच्या नोंदीपुढें कोणा जुन्या फादरांनीं समासांत बारीक अक्षरांत नवऱ्याचा फौजेंतला नंबर व पलटण टिपून ठेविली होती. त्या एका ओळीवर त्यांचें काम झालें. खेपा मात्र पुष्कळ पडल्या. त्या फादरांस हें कोणी सांगितलें होतें असें दिसत नाहीं.

म्हणून आपापल्या पेट्या उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम व पत्रें यांचे मोबाइलवर स्वच्छ फोटो घ्या. कागदास चिकटपट्टी लावूं नका, प्लास्टिकांत कायमचा बंद करूं नका. तो आंतल्या आंत खराब होतो. पदक चांदीचें म्हणून मोडीत घालूं नका. त्याच्या कडेवर बहुधा नंबर व नांव असतें, आणि नंबर हातीं आला म्हणजे पलटणीच्या दप्तरास लिहितां येतें. महार रेजिमेंटचें दप्तर सागर येथें, मराठ्यांचें बेळगांवास, तोफखान्याचें नाशिक रोडला, रणगाडेवाल्यांचें तर आपल्या नगरलाच. पत्र कसें लिहावें हें कळत नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत विचारावें.

आणि म्हाताऱ्यांशीं बोला. १९६५ चे लोक आतां ऐंशीच्या पुढें गेले, १९७१ चे पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. "पराक्रम सांगा" असें म्हटलें कीं ते गप्प होतात. भाकरी मिळे का, घरचें पत्र कोण वाचून दाखवी, नाताळच्या रात्रीं कोठें होतां, असें विचारावें. बाकीचें आपोआप येतें. जें सांगण्याची त्यांची इच्छा नसेल तें ओढून काढूं नये. श्रीलंकेंतून किंवा कारगिलहून आलेल्यांसही तोच नियम.

बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्यांशेजारीं आम्हीं कपाटांत एक नवी वही ठेविली आहे. पहिल्या पानावर त्या मागच्या बाकावरच्या बाबांचें नांव आहे. त्यांच्या मुलानें पदक शोधून आणल्यामुळें नंबरही आहे. कोठें लढले, ती जागा कोरी आहे. वाळूची गोष्ट त्यांच्या तोंडून ज्यांनीं ऐकली असेल, त्यांनीं येत्या रविवारीं मिस्सेनंतर शाळेच्या पहिल्या खोलींत यावें. आम्ही तेथें बसून राहूं.