श्रम, आहार आणि रोगप्रतिकार



मी डॉक्टर नव्हे. शाळा सातवीला सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. चुकलो तर सभेतील डॉक्टरमंडळींनी खुशाल कान धरावा.

काही वर्षांपूर्वी यंत्रमाग कामगारांसाठी आरोग्य शिबिर भरले होते. एका वक्त्याने सल्ला दिला, "रोज व्यायाम करा, प्रतिकारशक्ती वाढेल." आमचा एक माणूस बारा तासांची पाळी करून तसाच तेथे आला होता. तो हळूच मला म्हणाला, "दादा, आता आणखी कुठला व्यायाम करू?" वर्षाच्या आत त्याला क्षय झाला.

वक्त्याचे शास्त्र खोटे नव्हते. स्नायू हलले की काही मिनिटांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. आपल्यापैकी जे खुर्चीवर बसून काम करतात, त्यांनी चालायला जावेच. पण पेशी घडायला प्रथिने लागतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिच्यात तयार होणाऱ्या टी पेशी क्षयाच्या जंतूला कोंडून धरायला मदत करतात; म्हणून तर जंतू अंगात शिरूनही बहुतेक माणसे आजारी पडत नाहीत. पोटाला कमी पडले की मुलांची ही ग्रंथी आकसते आणि मोठ्यांचीही ही फौज दुबळी होते. अशा अंगातून काढलेला घाम म्हणजे व्यायाम नव्हे, झीज आहे.

याचा पडताळा झारखंडात मिळाला. 2019 पासून तेथील चार जिल्ह्यांत 2,800 क्षयरोग्यांच्या घरांत एक प्रयोग झाला. रोग्यांना सर्वत्र शिधा दिला. मात्र निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही माणशी महिना 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दीड किलो म्हणजे रोजची 50 ग्रॅम डाळ, फार तर एक मूठ! 2023 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: त्या घरांत नवा क्षय 39 टक्क्यांनी कमी झाला, आणि फुप्फुसाचा संसर्गजन्य क्षय जवळजवळ निम्म्यावर आला. औषध नवे नव्हतेच.

हे मी एका मालकाला मराठीत लिहून दिले आणि पाळीत एक वेळच्या वरण-भाताची मागणी केली. त्यांनी व्यायामशाळेला देणगी देऊ केली. आम्ही ती घेतली नाही. बोलणी अजून चालू आहेत.