चावीच्या ग्रामोफोनांची पारख



चावीचा ग्रामोफोन म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें पितळेचा झगझगीत कर्णा उभा राहतो. दिवाणखान्याच्या शोभेसाठीं असें यंत्र आज मोठ्या हौसेनें विकत घेतलें जातें. परंतु मुंबईच्या चोरबाजारांत किंवा दिल्लीच्या दुकानांत मांडलेलीं हीं कर्णेवालीं यंत्रें बहुतेक अलीकडेच जुळविलेलीं असतात. पेटी नवी, कर्णा नवा, पेटीवरील कुत्र्याचें चित्रही नवें. जुनी असते ती पुष्कळदां आंतली स्प्रिंगची मोटर आणि साउंडबॉक्स. आणि हीं कोठून येतात? पूर्वीं घरोघर जी हातांत धरून नेण्याजोगी ग्रामोफोनची पेटी असे, ती मोडून! एका शोभेच्या कर्ण्यापायीं एक गातें यंत्र नाहींसें होतें. या छंदांत पारखीला महत्त्व आहे तें यासाठीं. घेणाराचे पैसे बुडतात, ही गोष्ट त्यामानानें लहान.

पारख फारशी कठीण नाहीं. कर्णा ज्या वांकलेल्या नळीवर बसतो ती नळी आधीं पाहावी. असल यंत्रांत ती नेटकी असून आवाजाची वाट साउंडबॉक्सपासून कर्ण्याकडे क्रमाक्रमानें रुंदावत जाते. नकली यंत्रांत तें जाड, ओबडधोबड पितळी कोपर असतें. शिवाय त्या काळीं पुष्कळ कर्ण्यांना रंग दिलेला असे, कांहीं तर लांकडाचेही असत. तेव्हां नखशिखान्त चकाकणारा कर्णा दिसला कीं सावध व्हावें.

वस्तुतः कर्णा बाहेर दिसण्याची गरज फार लवकर संपली. अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें १९०६ मध्यें ‘व्हिक्ट्रोला’ काढून तो कपाटांत दडविला. १९२५ मध्यें विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण सुरू झालें व पूर्वीं तबकडींत न उतरणारे खर्जाचे आणि तीव्र ध्वनि उतरूं लागले. ते बाहेर काढावयाचे तर कर्णा लांब हवा, आणि लांब कर्णा पेटींत मावावयाचा तर त्याला घडी घातली पाहिजे. बेल प्रयोगशाळेंतील मॅक्सफील्ड व हॅरिसन यांनीं याचें गणित बसविलें. त्याच तत्त्वावर हिज मास्टर्स व्हॉइसनें १९२७ मध्यें ‘री-एन्ट्रंट’ कपाटें काढलीं. कर्णा एकही दिसत नाहीं, पण आवाज असा भरदार कीं ऐकणाराला विजेची शंका यावी!

तीं कपाटें आपणांस क्वचितच लाभणार. हातपेट्या मात्र अजून मिळतात. त्यांतील दोन प्रसिद्ध म्हणजे त्याच कंपनीचें १०१ आणि १९३१ मध्यें निघालेलें १०२. १०१ च्या चार नंबरी साउंडबॉक्सांत अभ्रकाचा पडदा असतो. १०२ ला बहुधा पांच-ए किंवा पांच-बी असून त्यांत अॅल्युमिनियमचा. अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३० नंतरची तबकडी दोहोंवर लावून पाहावी. १०२ वर तारसप्तक स्वच्छ येतें, पण खरखरही तितकीच स्वच्छ येते. १०१ वर आवाज किंचित् आंत जातो आणि कानाला मऊ लागतो. १९२५ पूर्वींच्या, कर्ण्यांत तोंड घालून गाइलेल्या तबकड्यांना मात्र, माझ्या मतें, अभ्रकच मानवतो.

तुलना करतांना तबकडी एकच असावी, सुई दोन्हीकडे नवी व एकाच जातीची असावी, आणि मुख्य म्हणजे वेग सारखा असावा. तबकडीखालीं कागदाची पट्टी अडकवून घड्याळावर एका मिनिटाचे फेरे मोजावे. ते ७८ भरले पाहिजेत. ७४ च भरले तर सूर जवळजवळ अर्धस्वर उतरतो. काळी एकचा गवई पांढरी एकवर येतो आणि आपण बिचाऱ्या साउंडबॉक्सला दोष देतों. वेग आवरण्याचें काम गव्हर्नरच्या तीन लहान वजनांचें. वेग वाढला कीं तीं फांकतात व त्यांच्याबरोबर सरकणारी चकती चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घासूं लागते. तो तुकडा सुकलेला असला तर दोन थेंब तेल पुष्कळ काम करतें. साउंडबॉक्समधील रबर मात्र कालानें दगडासारखें होतें. आवाज फाटूं लागला तर आधीं तें बदलून घ्यावें, मगच यंत्राविषयीं मत द्यावें.

तबकड्यांना आपल्याकडे तोटा नाहीं. १९०२ मध्यें कलकत्त्यास गोहरजानचा आवाज प्रथम मुद्रित झाला, तेव्हांपासून १९७० च्या सुमारापर्यंत लाखेच्या तबकड्या निघत होत्या. त्यांच्या मिश्रणांत दगडाची भुकटी असते, ती पोलादी सुईला घांसून खांचेच्या आकाराची करते. तीच सुई दुसऱ्या तबकडीवर लावली तर ती खांचा खरवडून काढते. म्हणून प्रत्येक बाजूस नवी सुई. आणि १९४८ नंतर आलेल्या लाँग-प्ले तबकड्या या यंत्रावर मुळींच लावूं नयेत. शंभर ग्रॅमहून अधिक भार त्यांच्या सूक्ष्म खांचांना सोसत नाहीं. वाजवून झाल्यावर स्प्रिंग पूर्ण उलगडूं द्यावी, व मगच झांकण लावावें.