फिरती



जिच्या सेवेचा बहुतेक काळ मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांच्या पायवाटांवर आणि एस.टी.च्या थांब्यांवर गेला, अशा एका परिचारिकेस आपण या सभेच्या अध्यक्षस्थानी बसविले, याचा अर्थ मी एवढाच घेते की बालकांच्या शुश्रूषेत प्रवासाचे स्थान कोणते, या प्रश्नाचा विचार आपणांस करावयाचा आहे.

सरकारी दप्तरात या प्रवासाला 'फिरती' म्हणतात. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि अंतर यांची नोंद फिरतीच्या दैनंदिनीत होते, आणि तीवरून प्रवासभत्त्याचे बिल मंजूर होते. कामाच्या ठिकाणी पोचण्यासाठी सोसावी लागणारी तसदी, एवढीच दप्तराच्या लेखी फिरतीची किंमत. माझ्या लेखी मात्र ती शुश्रूषेचाच भाग आहे.

डोंगराळ आणि आदिवासी मुलखात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा शासनाचा दंडक आहे. पण मेळघाटात ही वस्ती दूरदूरच्या ढाण्यांत, म्हणजे पाड्यांत, विखुरलेली, पावसाळ्यात सिपना नदी आडवी येणारी, आणि दिवाळीनंतर कामासाठी परमुलखात जाऊन होळीच्या सुमारास परतणारी. लशीच्या पेटीतील उष्णमान २ ते ८ अंशांत राखावे लागते. उन्हाची भीती सर्वांस ठाऊक असते, परंतु डी.पी.टी.सारखी लस बर्फाला चिकटून गोठली तरी निकामी होते. अशी पेटी खांद्यावर सांभाळीत मैलोगणती चालून जावे, तो यादीतील निम्म्या घरांना कुलूप असावे; मग कोणते कुटुंब कोठे गेले आणि केव्हा परतणार, हे शेजारणीपाशी बसून विचारावे लागते, आणि त्या बसण्यातच अर्धे काम असते.

एक प्रसंग सांगणे माझे कर्तव्य आहे. पाच महिन्यांच्या एका मुलाला खोकला होता. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बालकाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा अधिक झाला, तर तो न्यूमोनियाचा इशारा समजावयाचा, आणि तो पूर्ण मिनिटभर मोजावयाचा, कारण लहान बालकाच्या श्वासाची लय सारखी नसते. शेवटची एस.टी. चुकेल या धास्तीने मी अर्धा मिनिट मोजले, तेवीस भरले, त्याची दुप्पट वहीत लिहिली आणि उठले. मूल काल रात्रीपासून दूध ओढीत नाही, हे त्याची आजी मला सांगणार होती. ती माझी मोजणी संपण्याची वाट पाहत होती. दूध न ओढणे हे बालकाच्या आजारातील अत्यंत गंभीर लक्षण. दोन दिवसांनी ते मूल अमरावतीस नेले, आणि तेथून ते परत आले नाही. पुढे कितीही वर्षे गेली, तरी घड्याळाचा काटा पूर्ण फिरेपर्यंत मी जागची हलले नाही, आणि काटा फिरल्यावरही घरातील म्हातारीला बोलू दिल्यावाचून उठले नाही.

घरात बसल्यावाचून न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. आजारी बालकाच्या पोटावर तप्त सळईने चटके देण्याची मेळघाटातील कोरकू आदिवासींमधील जी चाल, तिला तिकडे डंबा म्हणतात. असे चटके दिलेल्या मुलास आई दवाखान्यात आणण्यास धजत नाही, कारण तेथे मुलाला तपासण्यापूर्वी तिला बोल ऐकावे लागतात. म्हणून हे व्रण प्रथम दिसतात ते उंबरठ्याच्या आत बसलेल्या परिचारिकेस. भूमकाला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूला, शत्रू मानून मला काहीच साधले नाही. त्याच्या ओसरीवर बसू लागल्यावर त्याने स्वतः तीन मुले माझ्याकडे धाडली.

घरी जाण्याचे मोल शास्त्रानेही सिद्ध केले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजाताची घरी शुश्रूषा करण्यास शिकविले, आणि तेथील नवजात-मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्या स्त्रियांना एस.टी. गाठावयाची नव्हती. त्यांचे सामर्थ्य ज्ञानात जितके होते तितकेच या सवडीत होते, असे मला वाटते.

म्हणून माझी दरखास्त लहान आहे. फिरतीच्या दैनंदिनीत अंतराच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत: घरात किती वेळ बसलो, आणि घरच्यांनी आपण होऊन काय सांगितले. एका दिवसात किती घरे, हा हिशेब मागणाऱ्या वरिष्ठांपुढे हे दोन रकाने भरून ठेवण्याची मुभा परिचारिकेस असावी. दुपारच्या सत्रात हा ठराव प्रथम घ्यावा, अशी मी आपणांस विनंती करते.