आमची सफारी बंडीतली

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझा एक मावसभाऊ काही वर्षांपूर्वी केनियाला जाऊन आला. आल्या आल्या त्यानं मासाई माराचे चारेकशे फोटो दाखवले. सिंह, हत्ती, जिराफ, नदीत उड्या टाकणारे विल्डबीस्टचे कळप. फोटो खरोखर चांगले होते. चहा झाल्यावर त्यानं सहज विचारलं, "तूही जनावरांचे फोटो काढतोस ना? तुझ्याकडं काय काय आहे?"

मी म्हटलं, "काळवीट."

"आणखी?"

"आणखी काळवीट."

तो हसला, मीही हसलो. पण श्रोतेहो, त्या दिवशी त्याला जे सांगायचं राहिलं, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा धंदा लग्नाच्या फोटोंचा. कारंज्यात लहानसा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, मुंजी, बारशी, साखरपुडे, यावर संसार चालला. कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० साली झालं. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. हे अभयारण्य खास काळविटांसाठीचं. क्षेत्र सुमारे अठरा चौरस किलोमीटर. मासाई मारा दीड हजार चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आमचं अभयारण्य त्याच्या एका कोपऱ्यात हरवून जाईल. घनदाट जंगल वगैरे काही नाही. गवताचं माळरान, मधेमधे झुडपं, आणि सभोवार शेतं. जनावराला कुठं अभयारण्य संपतं आणि कुठं सोयाबीन सुरू होतं, हे कळत नाही. ते ज्याला कळतं, त्या शेतकऱ्याबद्दल पुढं बोलायचंच आहे.

मी ३०० मिलिमीटरची एक जुनी लेन्स घेतली आणि रविवारी पहाटे लूनावर बसून माळावर जायला लागलो. पहिले तीन-चार महिने माझ्याकडं फक्त पळणाऱ्या काळविटांच्या पाठी होत्या. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळू शकतं. लूनाचा वेग तुम्हाला ठाऊक आहे. आणि दोन पायांवर चालणारा माणूस दिसला की हे जनावर दोन-तीन शेतं पलीकडूनच निघतं. त्याची नजर फार तेज.

तोडगा सांगितला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं. त्यांचं शेत अभयारण्याला लागून. मी त्यांना काका म्हणतो. ते म्हणाले, "भाऊ, पायी कायले जाता? बंडीत बसा. हरनं बंडीले भेत नाईत."

वऱ्हाडाबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, बंडी म्हणजे बैलगाडी. दुसऱ्या दिवशी काकांनी बंडी जुंपली. मी कडब्याच्या पेंढ्यांमध्ये पालथा पडलो. कॅमेऱ्याखाली वाळूची थैली. बैल आपल्या चालीनं चालले आणि आम्ही कळपाच्या चाळीस-पन्नास पावलांवर पोचलो. एकाही मादीनं मान वर केली नाही! आफ्रिकेतल्या सफारीत हेच तर चालतं. सिंह जीपला जीप समजतो, आत बसलेल्या माणसांना मोजत नाही. कुणी खाली उतरला की मग मात्र चित्र पालटतं. आमची जीप दोन बैलांची, एवढाच फरक.

ही युक्ती काकांची नव्हे, फार जुनी आहे. संस्थानांच्या काळात शिकारीसाठी पाळलेले चित्ते काळविटाच्या कळपाजवळ नेत, ते बैलगाडीतूनच. आपल्या कोल्हापूर संस्थानात त्यासाठी चित्ते पाळलेले होते, आणि देशातले मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवले जात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. पुढं १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणून सोडले, हे सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिलंच. पण आफ्रिकेचा चित्ता आणि आपला काळवीट यांची गाठ त्याच्या कितीतरी आधी पडली होती. आणखी एक गंमत. आफ्रिकेतल्या ज्या कुरंगांना इंग्रजीत सरसकट 'अँटिलोप' म्हणतात, त्या नावाची शास्त्रीय प्रजाती आहे, आणि त्या प्रजातीत आज एकच प्राणी उरलाय, तो म्हणजे आपला काळवीट. मावसभावाला हे सांगायला हवं होतं.

फोटोचं म्हणाल तर काळवीट फार अवघड गिऱ्हाईक. नर वरून काळाभोर, पोट पांढरंशुभ्र, डोळ्याभोवती पांढरं कडं. कॅमेऱ्यातला मीटर काळ्याला करडं करून टाकतो. नर चौकटभर आला की प्रकाश थोडा कमीच द्यावा लागतो, नाहीतर काळवीट गाढवाच्या रंगाचं दिसतं. हे मला लवकर जमलं, कारण काळ्या कोटातला नवरदेव आणि पांढऱ्या साडीतली करवली एका फोटोत बसवण्यात माझी उमर गेली. दुसरं, सकाळी नवाच्या आत काम उरकायचं. ऊन चढलं की जमिनीतून वाफा निघतात, आणि लांबच्या लेन्समधून शिंगंसुद्धा पाण्यात बुडाल्यासारखी हलतात.

पाठलाग तर करूच नये. माजावर आलेला नर आपली जागा धरून उभा असतो. त्याच त्या ठिकाणी लेंड्या टाकून ढीग करतो, ती त्याची हद्द. असा ढीग सापडला की थोडं दूर बसून राहायचं, नर आपणहून येतो. पाडसाच्या तर जवळही जाऊ नये. मादी त्याला गवतात लपवून चरायला जाते. ते एकटं दिसतं म्हणून पोरकं नसतं. हल्ली मोटारसायकली घेऊन कळपामागं धावणारी पोरं दिसतात, मोबाइलवर दाखवायला. त्यांना मी ओरडतो. मग ती मला 'काका' म्हणून टाळतात.

आता मुद्द्याचं. २००३ च्या डिसेंबरातली गोष्ट. थंडी मी म्हणत होती. काकांच्या बंडीतून आम्ही धुऱ्याधुऱ्यानं चाललो होतो. समोर वीसेक माद्यांचा कळप, मागं एक जबरदस्त नर. काय झालं कोण जाणे, एक मादी उसळली, तिच्यामागं दुसरी, आणि मग नरानं जी उडी घेतली! चारही पाय पोटाशी, शिंगं पाठीला टेकलेली, खाली नुसतं हिरवं आणि मागं सोनेरी धुकं. मी बटण दाबलं. आतून कळलं, हा आला.

रोलमध्ये छत्तीस फोटो असायचे. माझे एकवीसच झाले होते. रोल महाग, अर्धवट कसा धुवायचा? म्हणून मी आणखी दोन रविवार थांबलो. मग एक लग्न आलं. मग रोल धुवायला गेला. मोठा प्रिंट हातात पडला तेव्हा जानेवारी अर्धा सरला होता. धावत काकांकडं गेलो.

त्यांनी फोटो उन्हात धरला. बराच वेळ पाहिला. मी वाट पाहतोय, आता म्हणतील, आता म्हणतील. त्यांनी बोट ठेवलं ते उडीवर नाही, खालच्या हिरव्यावर.

"हा माहा हरबरा हाये."

मग म्हणाले, "भाऊ, ह्या फोटोत वावर ओयखू येत नाई. धुऱ्यावरचा निंब दिसत असता तं अर्जाले लावला असता."

श्रोतेहो, मी गप्प झालो. मागचं सगळं धूसर करायला मी ती लेन्स घेतली होती. निंब, धुरा, काकांचं खोपडं, सगळं पुसून टाकण्यातच माझी कला होती. वीस जनावरं त्यांच्या हरभऱ्याचे शेंडे खात होती, आणि मी त्या खाण्याची पार्श्वभूमी गाळून त्यांना उडताना दाखवलं होतं. बरं, निंब दिसला असता तरी काय? नुकसानीची तक्रार ताबडतोब द्यावी लागते, पंचनामा व्हावा लागतो. मी रोल भरायची वाट पाहत बसलो आणि मुदत निघून गेली. काकांनी माझ्या भरवशावर अर्ज लांबवला होता, हे मला तेव्हा कळलं. ते एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्रीही जागलीला माळ्यावर गेले.

मी साधी लेन्स लावून परत गेलो. खाल्लेल्या ओळी, खुरांचे ठसे, मागं निंब, असे बारा फोटो काढून त्याच आठवड्यात धुऊन दिले. ते फोटो कुठल्याही प्रदर्शनात लागणार नाहीत. त्या वर्षीचं नुकसान काही भरून निघालं नाही. पुढच्या हंगामात मात्र तक्रार वेळेवर गेली, तेव्हा काहीतरी हाती आलं. किती, ते काकांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मारता येत नाही आणि राखता येत नाही, असं हे जनावर आहे. १९७२ च्या कायद्यानं त्याला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण दिलंय, आणि ते हवंच. पण वाघ कुणाचा हरभरा खात नाही. २०२५ साली मध्य प्रदेशात शेतांतली काळविटं हेलिकॉप्टरनं हाकलून, घेरून दुसरीकडं नेली. त्यासाठी तज्ज्ञ आले दक्षिण आफ्रिकेतून. आमच्याकडं आता अभयारण्याच्या परिसरातून समृद्धी महामार्ग गेलाय. जनावरांना ओलांडायला त्यावर खास पूल आणि खाली वाटा ठेवल्यात. पहाटे माळावर बसलं की पूर्वी टिटवी ऐकू यायची, आता टिटवीच्या मागं ट्रकांचा आवाज असतो.

काकांची बंडी मोडून बरीच वर्षं झाली. बैल गेले, ट्रॅक्टर आला. नातू मोबाइलवर मिनिटात नुकसानीचे फोटो काढतो, निंबासकट. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या घरी गेलो तर ओसरीत माझा तो उडीचा फोटो चौकटीत लावलेला. मला बरं वाटलं. तेवढ्यात बाहेरगावचा एक पाहुणा आला, फोटोपाशी थांबला आणि वा वा करायला लागला. काका काठी टेकत उठले, फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं आणि त्याला म्हणाले, "हे हिरवं दिसते ना, तो माहा हरबरा."