रोवणीच्या दिवसांत घरी एकटा राहणारा कुत्रा

(केशोरी, जि. गोंदिया येथे धान उत्पादक शेतकऱ्यांपुढे दिलेले भाषण)



धानाच्या पिकाविषयी बोलणारा माणूस आज कुत्र्याविषयी काय सांगणार, असे आपणास वाटेल. परंतु या विषयाचा रोवणीशी जवळचा संबंध आहे. उन्हाळ्यात घरी माणसांचा वावर असतो. रोवणी लागली की घरातील सारे सकाळीच बांधीत उतरतात आणि कुत्रा कुलूपबंद घरात दिवसभर एकटा राहतो. मग तो रडतो, दार ओरबाडतो आणि बाहेर जाण्याची सवय असूनही घरात घाण करतो. थकून आलेला घरधनी काठी उचलतो, प्रसंगी कुत्र्याला हाकलूनही देतो.

हा कुत्र्याचा खोडसाळपणा नव्हे. सोबतीने राहणाऱ्या या प्राण्याला एकटेपणाची भीती वाटते. अशा कुत्र्याचा त्रास माणसे बाहेर पडताच, बहुधा पहिल्या अर्ध्या तासात सुरू होतो. माणसे घरी असतानाही तो घाण करीत असेल, वारंवार थोडी थोडी लघवी होत असेल किंवा पाणी फार पीत असेल, तर आजाराचा संशय घेऊन त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. मोठा कुत्रा साधारण 6 ते 8 तास लघवी रोखू शकतो. तीन महिन्यांचे पिल्लू 3 ते 4 तासच. दहा तास कोंडलेल्या पिल्लाकडून घाण झाली, तर दोष पिल्लाचा नाही.

पऱ्हे टाकल्यापासून रोवणीपर्यंत साधारण 21 ते 25 दिवस मिळतात. याच दिवसांत कुत्र्याची तयारी सुरू करावी.

1) प्रथम एक-दोन मिनिटेच बाहेर जाऊन परत यावे. तो शांत राहिला तर वेळ 5, 10, 20 मिनिटे अशी वाढवीत न्यावी. तो घाबरला तर वेळ पुन्हा कमी करावा. जाताना व येताना फार लाड करू नयेत.

2) निघण्यापूर्वी त्याला फिरवून आणावे. घरात पाणी, ओळखीचे पोते व चघळण्यास वस्तू ठेवावी.

3) सकाळी, खाण्यानंतर व झोपेतून उठल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यावे. तेथे लघवी करताच लगेच शाबासकी व भाकरीचा तुकडा द्यावा. शिकलेली सवय मोडली असल्यास पिल्लाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

4) घाण झालेल्या जागेचा वास राहिला तर कुत्रा पुन्हा तेथेच जातो. मातीची जमीन असल्यास ओली माती खरवडून काढावी व नवीन माती घालून सारवावे. फरशी साबणाने धुवावी.

5) मारू नये, लघवीत नाक घासू नये. तासाभरापूर्वीच्या चुकीची शिक्षा त्याला कळत नाही. भीती मात्र वाढते. आपली केशोरी मिरचीसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून त्या जागी तिखट टाकण्याचा मोह होईल. त्याने डोळ्यांची व नाकाची आग होते, सवय लागत नाही.

तयारी झाली तरी दिवसभर कोंडणे योग्य नाही. दुपारी घरातील एकाने येऊन त्याला बाहेर काढावे किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसास सांगून ठेवावे. शेतावर नेल्यास सावली व पाणी द्यावे. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवले असेल तेथे मात्र मुळीच नेऊ नये; ते विष कुत्र्यालाही मारते. नवेगावचे जंगल दूर नाही आणि बिबट्या कुत्र्याची शिकार करतो, म्हणून रात्री त्यास अंगणात बांधून न ठेवता आत घ्यावे.

घरातून हाकललेला कुत्रा गावातच भटकतो आणि त्याची लस घेण्याचे राहून जाते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून पिल्लास तीन महिन्यांचे झाल्यावर लस टोचावी व पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात. लस न घेतलेल्या कुत्र्याचे वागणे एकाएकी बदलले, तर त्याला हात न लावता पशुवैद्यकास कळवावे. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बंधुभगिनींनो, हाच कुत्रा रात्री आपले घर राखतो. पऱ्ह्यांना पाणी देताना रोजची दहा मिनिटे त्याच्यासाठीही काढा, एवढीच विनंती.