प्रोग्रॅमची आतली शिवण

प्रोग्रॅमिंग ही कला आहे का, हा आजचा विषय. आहे, असं माझं उत्तर आहे आणि ते पटवून देत बसायचा माझा विचार नाही. मिनिटं मोजकी आहेत आणि माझं खरं दुखणं त्याच्या पुढचं आहे. कला म्हटली की तिला रसिक लागतो. प्रोग्रॅमचा रसिक म्हणजे तो वाचणारा. पडद्यावर काय उमटलं ते सगळेच पाहतात; आत काय लिहिलंय ते वाचणारा मला हवा आहे. आपल्याकडे दर वर्षी हजारो मुलं-मुली प्रोग्रॅम लिहायला शिकतात, पण दुसऱ्याने लिहिलेला चांगला प्रोग्रॅम वाचायला त्यांना कुणी बसवत नाही. हेच मी आज दोन-तीनदा सांगणार आहे.

कॉलेजातलं प्रॅक्टिकल आठवून पाहा. सर येतात, पडद्याकडे बघतात आणि विचारतात, "आउटपुट आलं का?" आलं म्हटलं की जर्नलवर सही. मुलगी पुढच्या प्रॅक्टिकलला लागते. तिने व्हेरिएबलला काय नावं दिली, एकच काम तीन ठिकाणी का लिहिलं, ते कुणी पाहिलेलं नसतं. मग सबमिशनच्या आदल्या रात्री ते जर्नल हॉस्टेलभर फिरतं आणि सगळे ते उतरवून काढतात. उतरवण्याला मी वाचणं म्हणत नाही. मी वर्षानुवर्षं हा विषय शिकवला आणि हे दृश्य पाहत आलो. मुलांना मी दोष देत नाही. ज्याला मार्क असतात ते मुलं करतात, आणि वाचण्याला मार्क नाहीत.

डोनाल्ड कनूथ यांचं नाव संगणकाशी संबंध असलेल्या श्रोत्यांना ठाऊक असणार. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड 1968 साली आला. म्हणजे शीर्षकातच त्यांनी कला घातली. 1974 साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा भाषणासाठी त्यांनी विषय निवडला तोही हाच, कला म्हणून प्रोग्रॅमिंग. त्यांचं म्हणणं असं, की जे आपल्याला इतकं नीट उमगलं की यंत्रालाही शिकवता येतं ते शास्त्र, आणि त्याच्या पलीकडे हाताला जे करावं लागतं ती कला. आणि स्वतःला कलावंत समजून लिहिणाऱ्याला कामात आनंद मिळतो, शिवाय त्याचं काम अधिक चांगलं होतं. हे त्यांनी भाषणात सांगितलं आणि पुढे करूनही दाखवलं. 1977 च्या सुमाराला त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी मुद्रितं आली. छपाईची पद्धत बदललेली होती आणि अक्षरं त्यांना पाहवेनात. तेव्हा हातातलं लिखाण बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. त्याचं नाव 'टेक'. थोडक्यात उरकेल असं वाटलेलं काम दहा-एक वर्षं चाललं.

पण मला सांगायचंय ते पुढेच आहे. 1986 साली त्यांनी तो सबंध प्रोग्रॅम पुस्तक म्हणून छापला. माणसांनी वाचावा म्हणून! कोणता भाग आधी समजवायचा, कोणता नंतर, अशा क्रमाने तो लिहिलेला आहे, आणि यंत्राला हव्या त्या क्रमाने तो लावून घेण्याचं काम वेगळ्या साधनावर सोपवलं आहे. त्यात चूक दाखवणाऱ्याला त्यांनी बक्षीस लावलं. सुरुवात 2 डॉलर 56 सेंटपासून, दर वर्षी दुप्पट, असं करत ते 327 डॉलर 68 सेंटपर्यंत नेलं. आपलं लिखाण कुणीतरी बारकाईने वाचावं यासाठी पदरचे पैसे मोजणारा हा लेखक आहे. आपण मात्र आउटपुट आलं का एवढंच विचारतो.

माझी आई घरी शिवणकाम करायची. दुसरीकडे शिवलेला ब्लाउज कुणी दुरुस्तीला आणला की आई तो आधी उलटा करायची. बाहेरून नवा ब्लाउज कुणाचाही छान दिसतो. आतून पाहिलं की शिवणाऱ्याचा हात कळतो. टीप सरळ आहे का, धाग्यांची टोकं कापली आहेत का, काखेपाशी कापड गोळा झालंय का, आणि मुख्य म्हणजे शिवणीत माया किती ठेवली आहे. दोन वर्षांनी बाई अंगाने भरणार आणि ब्लाउज सैल करावा लागणार, हे ज्या शिंप्याच्या ध्यानात होतं त्याने दोन्ही बाजूंना बोटभर माया सोडलेली असते. ज्याने कापड वाचवलं त्याचा ब्लाउज उसवून काही उपयोग नाही.

प्रोग्रॅमचं तेच आहे. तो एकदा लिहून संपत नाही. कराचा दर बदलतो, नियम बदलतो, नवी शाखा उघडते, आणि उसवायची वेळ येते तेव्हा तो ज्याच्या हातात पडतो तो बहुतेक वेळा मूळ लिहिणारा नसतोच. बाही वेगळी बेतली असेल तर नुसती बाही काढून बदलता येते. सगळं एकाच टिपेत दाबून शिवलं असेल तर बाहीला हात लावताच गळा ओढला जातो. प्रोग्रॅमचे तुकडे वेगळे पाडणं, त्यांना नीट नावं देणं, पुढच्यासाठी जागा सोडणं हे सगळं आतल्या बाजूचं काम आहे. वापरणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. माझ्या मते कला राहते ती तिथे.

एक अगदी लहान नमुना सांगतो. लीप वर्ष ओळखायचं आहे. विद्यार्थी साधारण असं लिहितात: वर्षाला चारने भाग जातो का बघा, जात असेल तर आत शिरून शंभरने जातो का बघा, तसाही जात असेल तर आणखी आत शिरून चारशेने बघा, आणि दर फाट्यावर 'लीप आहे' किंवा 'लीप नाही' असं छापा. इफच्या पोटात इफ आणि चार ठिकाणी छपाई. उत्तर बरोबर येतं. 1900 ला नाही म्हणतो, 2000 ला हो म्हणतो. सही मिळते.

आता दुसरी रीत. फंक्शनचं नाव 'लीप वर्ष आहे का'. आत एकच ओळ: चारने भाग जातो आणि शंभरने जात नाही, किंवा चारशेने जातो. झालं. ज्यांनी जन्मात प्रोग्रॅम लिहिला नाही त्या श्रोत्यांनाही ही ओळ ऐकताक्षणी कळली असेल. आणखी एक बारकावा पाहा. हे फंक्शन काही छापत नाही, फक्त हो किंवा नाही एवढं उत्तर परत देतं. त्यामुळे कॅलेंडर करणाराही ते वापरेल आणि पगारपत्रक करणाराही. पहिल्यात ही सोय नाही, त्याची छपाई आतच घट्ट शिवलेली आहे. या फंक्शनचं उत्तर बाहेर छापलं तर दोन्हींचं आउटपुट मात्र अक्षरन् अक्षर सारखं! म्हणून म्हणतो, आउटपुट पाहून प्रोग्रॅम कळत नाही. तो वाचावा लागतो.

माया न ठेवल्याचा मोठा दाखला तर सगळ्या जगाने पाहिला. जुन्या काळी मेमरी फार महाग होती, म्हणून वर्ष दोनच आकड्यांत लिहीत, 67, 68 असं. तेव्हा ते काटकसरीचंच होतं, पण शिवणीत जागा उरली नाही. 2000 साल जवळ आलं तसे बँकांचे, विमा कंपन्यांचे जुने कोबोल प्रोग्रॅम उसवायला काढले गेले आणि त्या कामाचा मोठा वाटा भारतातल्या कंपन्यांकडे आला. मुंबई-पुण्याची कितीतरी मुलं-मुली त्यात होती. त्यांनी काय केलं? वाचलं! परक्या देशातल्या, कधी न भेटलेल्या माणसाने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेलं ओळीमागून ओळ वाचून काढलं. त्या पिढीतल्या कुणाशी बोलून बघा. कुणाचं लिखाण हाती आलं की हायसं वाटायचं आणि कुणाचं आलं की जीव जायचा, हे ते आजही सांगतात. याला मी रसग्रहण म्हणतो. कामाच्या रेट्यात आपोआप घडलेलं. वर्गात ते मुद्दाम का घडू नये?

आउटपुट बरोबर आलं तरी आत काय लपून राहू शकतं याची एक हकिगत सांगतो. क्रमाने लावलेल्या यादीत शोधायचं तर मधोमध बघायचं, नको तो अर्धा भाग सोडायचा, उरलेल्याच्या पुन्हा मधोमध बघायचं. बायनरी सर्च. दहा लाख नावांतलं एक नाव वीसेक वेळा पाहून सापडतं. ही रीत छापून आली 1946 साली आणि कितीही लांबीच्या यादीला चालेल असा बिनचूक प्रोग्रॅम छापून यायला 1960 साल उजाडलं, अशी नोंद कनूथ यांनीच केली आहे. पुढे जॉन बेंटली यांनी आपल्या पुस्तकात तो तर्काने पायरी-पायरीने तपासून दाखवला. आणि 2006 मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं, की जावा या भाषेच्या लायब्ररीसाठी त्यांनी लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये एक चूक नऊएक वर्षं बसून आहे. बेंटलींच्या पुस्तकातही तीच.

चूक कुठे होती? 'मधोमध' काढण्यात. खालचं टोक अधिक वरचं टोक, भागिले दोन. शाळेतलं गणित. पण यादी अवाढव्य असली आणि ती बेरीज 214 कोटींच्या थोडी पुढे गेली, की ती 32 बिटांत मावत नाही आणि ऋण संख्या होऊन बसते. त्याऐवजी दोन टोकांतलं अंतर काढा, ते निम्मं करा आणि खालच्या टोकात मिळवा. कागदावर दोन्ही एकच आहेत, यंत्रात मात्र दुसरंच टिकतं. इतकी वर्षं आउटपुट बरोबर येत होतं बरं का. तेवढ्या मोठ्या याद्याच कुणी करत नव्हतं.

वर्गात वाचण्याचं म्हणाल, तर सिडनीतल्या एका विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. 1976 साली त्यांनी युनिक्स या प्रणालीचा गाभा, दहा हजारांच्या आतल्या ओळी, विद्यार्थ्यांसाठी छापून काढला आणि सोबत त्यावरचं भाष्य. कुणीतरी शेवटी मुलांना वाचायला बसवलं! पुढे परवान्याची अट आली, वर्गात ते शिकवायला बंदी झाली, आणि मग जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून वाचल्या. रीतसर छापील पुस्तक मिळायला 1996 उजाडलं. वीस वर्षं माणसं पुसट झेरॉक्सवर डोळे ताणून एक प्रोग्रॅम वाचत होती. चांगलं लिहिलेलं समोर आलं की माणूस वाचतो. आपण ते समोर ठेवतच नाही, हे माझं भांडण आहे.

चित्रं आणि संगीत करणाऱ्या प्रोग्रॅमवरही मला बोलायचं होतं. व्हेरा मोल्नार यांनी 1968 पासून पॅरिसमध्ये संगणकाकडून रेषा काढून घेतल्या. अगदी शिस्तीतल्या चौकोनांत नेमका किती बेशिस्तपणा मिसळला की चित्र जिवंत होतं, हे त्या आकडे बदलत शोधत राहिल्या. सॅम आरन यांचं 'सोनिक पाय' आहे, त्यात प्रोग्रॅम लिहिता लिहिता संगीत वाजतं, आणि अशा मैफलींत वादक आपला प्रोग्रॅम मोठ्या पडद्यावर उघडा ठेवतात. म्हणजे श्रोते ऐकतातही आणि वाचतातही! माझ्या म्हणण्याला याहून चांगला आधार कुठला... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळेची खूण होते आहे, ते इथेच सोडतो.

आणखी एक. आता यंत्रं प्रोग्रॅम लिहून देऊ लागली आहेत. मुलगा दोन ओळींत काय हवं ते सांगतो आणि समोर दोनशे ओळी येतात. चालतात, आउटपुट येतं. पण त्या दोनशे ओळी उलट्या करून आतून पाहणार कोण? वाचायला शिकवण्याची गरज यामुळे वाढली आहे, आणि जे शिक्षक म्हणतात की आता हा विषय संपला, त्यांच्यावर मी रागावलो आहे.

तर शिक्षकांना माझी हात जोडून विनंती. आठवड्यातला एक तास लिहिण्याचा नको, वाचण्याचा ठेवा. एकच छोटा प्रोग्रॅम, प्रत्येकाच्या हातात त्याची प्रत, आणि संगणक बंद. एकेका मुलाने एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि ती तशी का आहे ते सांगायचं. परीक्षेत त्याला पाच मार्क ठेवा, म्हणजे पालकही विचारू लागतील. सुरुवात कशाने करायची असं विचाराल, तर पायथॉन ज्याच्या संगणकावर आहे त्याला 'बायसेक्ट' नावाची एक लहानशी फाइल तिथेच सापडेल. तीही बायनरी सर्चच आहे. तिच्यात मधोमध काढायला ती जुनी साधी बेरीजच वापरली आहे, दोन टोकं मिळवून भागिले दोन. जावात जी चूक ठरली ती पायथॉनमध्ये चूक नाही. का नाही, ते मुलांनाच शोधू द्या. पायथॉन मोठ्या संख्या कशा ठेवतो तिथून सुरुवात करायला सांगा, आणि पुढच्या तासाला...

वेळ संपली.